डीएनए असा आहे, कशावरून?

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, थर्माकोलचा किंवा पुठ्ठ्याचा डीएनए हमखास उभा असतो. तारेवर गुंडाळलेले दोन पेड, मधे आइस्क्रीमच्या काड्या, चार रंगांचे गोळे. मुलांनी जीव ओतून केलेलं काम असतं. पण जवळ जाऊन पाहिलं की काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पीळ डावा असतो. ए-टीच्या (अ‍ॅडेनिन-थायमिनच्या) जोडीत तीन रेघा आणि जी-सीत (ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत) दोन अशी अदलाबदल झालेली असते. दोन पेडांमधल्या खाचा सगळीकडे सारख्याच रुंद असतात. डाव्या पिळाचे डीएनए तर जाहिरातींत, फलकांवर आणि संस्थांच्या बोधचिन्हांतही सर्रास दिसतात.

पीळ ओळखायची खूण सोपी आहे. मॉडेल उभं धरा. आपल्या बाजूचा पेड खालून वर जाताना उजवीकडे चढायला हवा, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. डावीकडे चढत असेल तर पीळ उलटा झाला. मग मॉडेल शीर्षासनात उभं केलं तरी तो सुलटा होत नाही. आरशात पाहिलं तरच होतो.

मापंही ठाऊक आहेत. डीएनएची रुंदी सुमारे २० अँगस्ट्रॉम, एका पूर्ण फेऱ्याची उंची ३४ आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर ३.४. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. तेव्हा अँगस्ट्रॉमच्या जागी सेंटीमीटर घ्यावा: २० सेंमी जाडीचा नळकांडा, ३४ सेंमीला एक फेरा, फेऱ्यात दहा काड्या. दुसरा पेड पहिल्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १७ सेंमीवर सुरू करायचा मोह होतो. तो आवरावा. दुसरा पेड पावणेतेरा सेंमीवर सुरू होतो. म्हणून एक खाच पावणेतेरा सेंमीची अरुंद आणि दुसरी सव्वाएकवीस सेंमीची रुंद होते. डीएनए वाचणारी कित्येक प्रथिनं या रुंद खाचेतूनच बेसपर्यंत, म्हणजे पायऱ्या घडवणाऱ्या ए, टी, जी, सी या घटकांपर्यंत, पोहोचतात.

पावणेतेराच का, सतरा का नाही? मॉडेलमागे उभ्या असलेल्या मुलाला हे विचारलं तर उत्तर येत नाही. दोष मुलाचा नाही. डीएनए आपण शिकवतो तो दोन नावं आणि एक चित्र म्हणून: शोध कोणी लावला, वॉटसन आणि क्रिक, साल १९५३, आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या. 'कोणी?' हा प्रश्न आपण विचारतो, 'कशावरून?' हा विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा व्हायला हवा. पाठ्यपुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि प्रदर्शनातही आधी पुरावा यावा, मग नाव. तसं केलं तर गेली काही वर्षं डीएनएची क्ष-किरण छायाचित्रं घेणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्या श्रेयावरून जो वाद रंगतो, तोही ताळ्यावर येईल.

फ्रँकलिन जानेवारी १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. त्याआधी पॅरिसमध्ये त्यांनी कोळसा आणि कार्बनच्या रचनेवर क्ष-किरणांनी काम केलं होतं. त्यांच्यापुढचा नमुना होता बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए. ओला असताना तो चिकट असतो. टाचणीच्या टोकाने हळूच ओढला की कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक धागा निघतो. त्यावर क्ष-किरण सोडले की मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात. त्याआधीही, १९३८ साली, लीड्सला विल्यम अ‍ॅस्टबरी आणि फ्लॉरेन्स बेल यांनी अशी छायाचित्रं घेतली होती आणि बेस एकमेकांवर नाण्यांच्या चळतीसारखे रचलेले असावेत हेही ओळखलं होतं. पण त्यांची चित्रं धूसर होती. का धूसर होती, याचं उत्तर फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी दिलं.

धाग्याभोवतीची हवा किती दमट आहे त्यावर डीएनएचं रूप ठरतं. ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर एक रूप, त्याला त्यांनी 'ए' म्हटलं. ९० टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून धागा लांबतो आणि दुसरं रूप येतं, ते 'बी'. आधीच्या चित्रांत दोन्हींची सरमिसळ झालेली होती. फ्रँकलिन यांनी क्षारांच्या ठरावीक द्रावणांतून हायड्रोजन वायू कॅमेऱ्यात सोडून आर्द्रता हवी तिथे थांबवली आणि दोन रूपं वेगळी केली. किंग्जमधल्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो, आणि आपल्या वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही. मे १९५२ मध्ये गॉसलिंग यांनी घेतलेलं 'बी' रूपाचं ५१ क्रमांकाचं छायाचित्र या तयारीचं फळ होतं. एका धाग्यावर साठ तासांहून अधिक वेळ किरण सोडून ते मिळालं.

त्या चित्रात काळ्या पट्ट्यांची एक फुली आहे. फुली म्हणजे पीळ, एवढं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण फुलीच का? हे शाळेत पाच मिनिटांत दाखवता येतं. टिकटिक पेनातली स्प्रिंग घ्या, दोन टोकं किंचित ताणून पुठ्ठ्यावर उभी चिकटवा आणि मधल्या भागावर लाल लेझर पॉइंटरचा झोत पाडा. पाच मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर ठिपक्यांची फुली उमटते. स्प्रिंगच्या पुढच्या बाजूची तार एका दिशेने तिरकी, मागच्या बाजूची उलट दिशेने. प्रत्येक तिरक्या रेघांचा संच स्वतःला काटकोनात एक ठिपक्यांची ओळ टाकतो. दोन ओळींची फुली होते.

आता मोजायचं. लाल लेझरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत १.२ मिलिमीटर अंतर असेल, तर पाच मीटरवर ठिपक्यांच्या दोन पातळ्यांत उभं अंतर सुमारे २.७ मिलिमीटर यायला हवं: तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले वेढ्यांतलं अंतर. एकेक अंतर मोजू नये. दहा पातळ्यांचं मिळून मोजून दहाने भागावं. स्प्रिंग ताणली की ठिपके जवळ येतात आणि फुली रुंदावते, दाबली की उलट होतं. स्वतः स्प्रिंग ताणून ठिपके जवळ येताना पाहिलेलं मूल हा उलटा हिशेब जन्मात विसरत नाही.

कुठे फसतं तेही सांगतो. झोत फार बारीक असेल तर एकच वेढा उजळतो आणि ठिपके सुटे पडत नाहीत; निदान दोन वेढे उजळायला हवेत, त्यासाठी लेझर मागे घ्यावा. झोत स्प्रिंगच्या कडेला पडला तर फुलीऐवजी वाकड्या कमानी येतात. मधला ठिपका डोळे दिपवतो, म्हणून भिंतीवर तिथे काळ्या कागदाची पट्टी लावावी. भिंत एक-दीड मीटरवरच असेल तर ठिपके एकमेकांत मिसळतात. लेझर स्टँडला बांधावा, हातात धरू नये; आणि झोताच्या उंचीवर कोणाचेही डोळे येता कामा नयेत. बाजारातल्या स्वस्त लेझरवर लिहिलेली ताकद खरी असतेच असं नाही.

छायाचित्र ५१ मध्ये नेमका हाच हिशेब आहे, फक्त लेझरच्या जागी १.५४ अँगस्ट्रॉमचे क्ष-किरण. पातळ्यांच्या अंतरावरून फेऱ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम निघते. वर-खाली टोकाला, दहाव्या पातळीवर, मोठा काळा डाग आहे. त्यावरून पायरीचं अंतर ३.४. म्हणजे फेऱ्यात दहा पायऱ्या. आणि चौथ्या पातळीवर ठिपकाच नाही. एका तारेच्या स्प्रिंगमध्ये चौथा ठिपका असतो. तो नाहीसा होतो, कारण पेड दोन आहेत आणि दुसरा पहिल्यापासून फेऱ्याच्या तीन-अष्टमांश उंचीवर सरकलेला आहे. त्या पातळीवर दोघांचे तरंग एकमेकांना पुसून टाकतात. ३४ चे तीन-अष्टमांश करा. पावणेतेरा येतात. मॉडेलमधली अरुंद खाच इथून आली.

मुलांना हे शिकवलं तर फ्रँकलिन कोण होत्या हे वेगळं सांगावं लागणार नाही. सध्या त्यांच्याबद्दल दोनच प्रकारे बोललं जातं. जुन्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला 'यांचीही मदत झाली' असं अर्धं वाक्य येतं. नव्या व्हॉट्सॅपी लेखांत 'तिचा फोटो चोरला, नोबेल हिसकावलं' एवढीच कथा येते. पहिल्या प्रकारात अन्याय उघड आहे. पण दुसरा प्रकारही मला तितकाच खटकतो, कारण त्यात त्या फक्त अन्याय झालेली बाई उरतात. आर्द्रता, चौथी पातळी, तीन-अष्टमांश यातलं काहीच उरत नाही.

घडलं ते नीट सांगता येतं. जानेवारी १९५३ च्या अखेरीस फ्रँकलिन यांचे किंग्जमधले सहकारी मॉरिस विल्किन्स यांनी ते छायाचित्र जेम्स वॉटसन यांना दाखवलं. फ्रँकलिन किंग्ज सोडून बर्कबेक कॉलेजात जाण्याच्या बेतात होत्या, गॉसलिंग यांचं मार्गदर्शन विल्किन्स यांच्याकडे जात होतं, त्यामुळे चित्र विल्किन्स यांच्याकडे असणं गैर नव्हतं. फ्रँकलिन यांना न सांगता ते दाखवणं मात्र गैरच होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि कमी माहितीची. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी किंग्जच्या गटाने डिसेंबर १९५२ मध्ये अहवाल केला होता. तो केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती पडला. त्यात फ्रँकलिन यांनी 'ए' रूपाच्या स्फटिकाची सममिती नोंदली होती: रेणू डोक्यावर उभा केला तरी तसाच दिसतो. क्रिक यांना हिमोग्लोबिनच्या कामामुळे या सममितीची सवय होती, आणि त्यांनी तिचा अर्थ लगेच लावला, की दोन पेड एकमेकांच्या उलट दिशांनी धावतात. अहवाल गोपनीय नव्हता. पण कोणी फ्रँकलिन यांना विचारलंही नाही.

त्यानंतर २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये तीन लेख एकापाठोपाठ आले. पहिला वॉटसन-क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा. पहिल्या लेखात असं म्हटलं आहे की पुढच्या लेखांतल्या निष्कर्षांचा तपशील रचना सुचली तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. तपशील ठाऊक होता. माझ्या मते खरा अपराध या वाक्यात आहे, छायाचित्र पाहण्यात तो तेवढा नाही. १९५४ च्या सविस्तर लेखात त्यांनी किंग्जच्या मोजमापांशिवाय ही रचना मांडणं अवघडच, कदाचित अशक्य झालं असतं अशी कबुली दिली, पण ती तळटीपेत राहिली आणि जगाच्या लक्षात पहिला लेख राहिला. फ्रँकलिन १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी कर्करोगाने गेल्या. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं १९६२ मध्ये. त्या पुरस्कारासाठी मृत व्यक्तीचं नामांकन होत नाही. 'हिसकावलं' म्हणण्याआधी दोन सालं शेजारी मांडून पाहावीत.

आणि छायाचित्राने सगळं सांगितलं, असंही नाही. स्प्रिंग डाव्या पिळाची घ्या नाहीतर उजव्या, भिंतीवरची फुली तीच येते. उजवा पीळ छायाचित्रातून निघत नाही. तो अणूंची मापं आणि बंधांचे कोन सांभाळत मॉडेल जुळवताना ठरला. धाग्यांऐवजी खऱ्या स्फटिकांतून एकेक अणू दिसू लागला तो १९८० च्या सुमारास, आणि गंमत अशी की १९७९ मध्ये पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो तुकडा डाव्या पिळाचा निघाला, ज्याला झेड-डीएनए म्हणतात. ठरावीक क्रमाच्या तुकड्यांत तसा पीळ पडतो. नेहमीचा उजवा पीळ लगोलग दुसऱ्या स्फटिकाने पक्का केला.

बेसच्या जोड्याही छायाचित्रात नव्हत्या. त्यांचा धागा एर्विन शारगाफ यांच्या रासायनिक मापांतून येतो: कोणत्याही प्राण्याचा डीएनए घ्या, अ‍ॅडेनिन थायमिनइतकं, ग्वानिन सायटोसिनइतकं. माणसात साधारण ३०, ३०, २०, २० टक्के. आपली मुलं 'ए ३० टक्के तर जी किती' हे गणित चुटकीसरशी सोडवतात, पण हा नियम शिडीच्या आधी, १९५० पर्यंत, शिडी माहीत नसताना सापडला होता हे त्यांना माहीत नसतं. त्यांना उलटं विचारून पाहावं: एका विषाणूत ए २५, टी ३३, जी २४, सी १८ टक्के आढळले, यावरून काय म्हणाल? फाय-एक्स-१७४ या विषाणूत खरोखर असंच आहे. त्याचा डीएनए एकपेडी असतो. नियम मोडलेला पाहिला की नियम का आहे ते कळतं.

शेवटचा अडसर निघाला तो रसायनतज्ज्ञ जेरी डॉनह्यू यांच्या एका टिप्पणीने. त्या काळच्या पुस्तकांत ग्वानिन आणि थायमिन यांच्या हायड्रोजन अणूंच्या जागा चुकीच्या छापलेल्या होत्या, आणि वॉटसन त्या घेऊन जोड्या लावत होते. डॉनह्यू यांनी त्या दुरुस्त केल्या. २८ फेब्रुवारी १९५३ च्या सकाळी वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे टेबलावर सरकवत असताना ए-टी आणि जी-सी या दोन जोड्यांचा आकार सारखाच निघाला. पायऱ्या एकाच रुंदीच्या झाल्या. आपल्या विज्ञान दिनाचीच तारीख, त्यामागचं कारण वेगळं. त्यांच्या पहिल्या लेखात जी-सीला दोनच हायड्रोजन बंध होते, हेही सांगावं. तिसरा बंध १९५६ मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी दाखवला. मॉडेलवर दोन काड्या लावणाऱ्या मुलाला दोष देताना एवढं आठवावं.

डीएनए हाच वारशाचा रेणू आहे हे १९४४ साली ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी दाखवलं. निरुपद्रवी जिवाणूला रोगट करणाऱ्या अर्कातली प्रथिनं आणि आरएनए एन्झाइमांनी मोडले तरी त्याची ताकद टिकली. डीएनए मोडला तेव्हाच ती गेली. याला नोबेल मिळालं नाही. अन्यायाची यादी करायचीच असेल तर ती इथून सुरू करावी.

प्रतिकृतीच्या धड्यात तर आपण आणखी घाई करतो. दोन पेड उकलतात, प्रत्येकावर नवा पेड बनतो, झालं. रचनेवरूनच सगळं उघड आहे असं मुलांना वाटतं. त्या काळच्या तज्ज्ञांना ते मुळीच उघड वाटलं नव्हतं. मॅक्स डेलब्रुक यांना पीळ उकलण्याचीच शंका होती, आणि ती रास्त होती. ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या असतात. पाण्यातल्या डीएनएत फेऱ्याला साधारण साडेदहा जोड्या धरल्या तर सव्वाचार लाखांहून अधिक फेरे. प्रतिकृती एका ठिकाणी सुरू होऊन दोन्ही बाजूंना सरकते, प्रत्येक टोकाला सेकंदाला हजारभर बेस, आणि चाळीस मिनिटांत काम संपतं. म्हणजे दर टोकाला मिनिटाला ५,७०० फेरे उकलायला हवेत. सुंभाचा दोर मधूनच उकलून पाहा: पुढचा भाग आवळत जातो आणि त्याला गाठी पडतात. वर जिवाणूचा डीएनए वर्तुळाकार. टोक मोकळं सोडून पीळ काढायचीही सोय नाही.

याच अडचणीतून १९७६ मध्ये एक वेगळी रचना पुढे आली. न्यूझीलंडचा एक गट आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. शशिशेखरन व सहकारी यांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की दोन पेड एकमेकांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी-शेजारी असतील, थोडा उजवा पीळ, थोडा डावा, असे. मग उकलायची कटकटच नाही. क्रिक यांनी ही कल्पना झटकून टाकली नाही. १९७९ मध्ये जेम्स वांग आणि विल्यम बाउअर यांच्यासह त्यांनी तिची तपासणी केली. वर्तुळाकार डीएनएतले वेढे जेलवर (विजेच्या प्रवाहाने डीएनए ज्यातून सरकवतात त्या थरावर) मोजता येतात, एका वेढ्याच्या फरकानेही पट्टी सरकते. ते वेढे शेजारी-शेजारी रचनेत बसेनात. बंगळुरूची कल्पना चुकीची ठरली, पण प्रश्न अचूक होता. १९५३ नंतर २६ वर्षांनी डीएनए खरंच दुपेडी पिळाचा आहे का, हे पुन्हा तपासलं गेलं आणि त्या तपासात भारतीय नाव आहे, हे आपल्या वर्गात का येऊ नये?

पीळ काढायचं काम टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमं करतात. जिवाणूतलं जायरेज दोन्ही पेड कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेतं आणि काप पुन्हा सांधतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध जायरेजला काप केलेल्या अवस्थेत अडकवतं; सांधणं होत नाही आणि जिवाणू मरतो. घरोघरी माहीत असलेली ही गोळी प्रतिकृतीच्या धड्यात ठेवली तर धडा पुस्तकाबाहेर येतो.

मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग बारावीला असतो, पण तोही निष्कर्षासकट पाठ होतो. जिवाणू जड नायट्रोजन-१५ वर १४ पिढ्या वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर टाकले आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी वीस तास फिरवला. आपापल्या घनतेच्या जागी पट्ट्या थांबल्या. एका पिढीनंतर एकच पट्टी, जड आणि हलक्याच्या बरोबर मधे. इथे 'जुना रेणू अख्खा राहतो' ही शक्यता बाद. दोन पिढ्यांनंतर दोन पट्ट्या, एक मधली आणि एक हलकी. इथे 'जुने-नवे तुकडे सगळीकडे विखुरतात' ही बाद. प्रश्नपत्रिकेत 'अर्ध-संरक्षी प्रतिकृती स्पष्ट करा' ऐवजी असं यावं: विखुरण्याची कल्पना खरी असती तर दुसऱ्या पिढीत पट्टी कुठे दिसली असती? उत्तर एका ओळीचं आहे, मधली आणि हलकी यांच्या मध्यावर एकच पट्टी. पण ते घोकून येत नाही.

उलट दिशेच्या पेडावर नवा पेड तुकड्यांनी बनतो, हेही आकृतीवरून मानून घेतलं जातं. नागोयाच्या रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांनी जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएच्या बांधणीतला एक घटक) दिलं आणि ते हजार-दोन हजार बेसच्या सुट्या तुकड्यांत सापडलं. जरा जास्त वेळ दिला की ते लांब साखळीत जाऊन बसलं. 'आधी तुकडे, मग सांधणी' हे या दोन मापांवरून ठरलं.

शाळांत आता कांद्यातून डीएनए काढायचा प्रयोग लोकप्रिय आहे. ५० ग्रॅम कांदा बारीक चिरून १०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड यांत ६० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं ठेवायचा, मग भांडं बर्फात गार करायचं, मिक्सरमधून पाचच सेकंद काढायचा, गाळायचा आणि थंडगार अल्कोहोल कडेने ओतायचं. लिक्विड पेशीपटल फोडतं, मिठातला सोडियम डीएनएवरचा ऋण प्रभार झाकतो. मिक्सर जास्त फिरवला तर लांब धागे तुटून पांढरी धूळच हाती येते. सगळ्यात जास्त फसतं ते अल्कोहोलमध्ये. इथेनॉलने डीएनए बाहेर पडायला मिश्रणात ते ६५-७० टक्के व्हायला हवं. ७० टक्क्यांचं स्पिरिट समप्रमाणात ओतलं तर मिश्रणात ३५ टक्केच होतं, आणि मुलं रिकामी नळी बघत बसतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात पुरतं. जेल सॅनिटायझर तर वापरूच नये. त्यातला घट्टपणा आणणारा पदार्थच पांढरट दिसतो आणि तोच डीएनए समजला जातो.

आणि इतकं जमल्यावर नळीत तरंगणाऱ्या पुंजक्याकडे बोट दाखवून 'हा डीएनए' म्हणायचं. कशावरून? त्यात पेक्टिन असतं, आरएनए असतं, प्रथिनं असतात. शेजारी दुसरी नळी ठेवा: अंड्याचा पांढरा बलक, तेवढंच मीठ, तेवढंच लिक्विड, तेवढंच अल्कोहोल. त्यातही पांढरं साकळतं, आणि त्यात डीएनए जवळजवळ नसतो. पहिल्या नळीतलं काचेच्या कांडीवर धाग्यासारखं गुंडाळलं जातं, दुसऱ्यातले गोळे गुंडाळत नाहीत, एवढा फरक शाळेत दिसू शकतो. तो पुरेसा पुरावा नाही, हेही त्याच तासाला सांगावं. डीएनए मोडणारं एन्झाइम घालून पाहणं हा पुढचा टप्पा, एव्हरींचाच.

शिक्षकांची अडचण मला मान्य आहे. अभ्यासक्रम लांब, तास कमी, आणि प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडायचा. पण मी भर घालायला सांगत नाही. एन्झाइमांच्या नावांची लांबलचक यादी, शास्त्रज्ञांच्या जन्मतारखा आणि 'कोणी शोधला'चे प्रश्न कमी करून ती जागा वापरता येते. पर्यायी प्रश्नही पुराव्यावर विचारता येतात. वरचा विषाणूचा आणि पट्टीचा, दोन्ही प्रश्न चार पर्यायांत बसतात. क्ष-किरण विवर्तन शाळकरी मुलांना झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी स्प्रिंग आणि लेझर घेऊन पाहावं. त्यात त्रैराशिकापलीकडचं गणित नाही.

आणखी एक गोष्ट. अकरावीपासून आपल्याकडे विज्ञान बहुधा इंग्रजीतच शिकवलं जातं, आणि मराठी शाळेतून आलेलं मूल 'अँटीपॅरलल' आणि 'ग्रूव्ह' हे शब्द नुसते पाठ करतं. पेड, पीळ, आटे, खाच, वेढा हे शब्द त्याच्या हातात आधीपासून असतात. वेणी घालणाऱ्या मुलीला पेड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हे शब्द दहावीपर्यंतच्या पुस्तकांत नेमक्या अर्थाने रुळले तर पुढे इंग्रजी संज्ञा त्यांवर सहज बसतील.

पुढच्या प्रदर्शनासाठी एवढं आत्ताच करता येईल. मॉडेलखालच्या पाटीवर दोन शास्त्रज्ञांची नावं लिहिण्याऐवजी चार मापं लिहावीत: २०, ३४, ३.४ आणि पावणेतेरा. प्रत्येकासमोर ते कोणत्या प्रयोगातून आलं ते लिहावं. शेजारच्या टेबलावर स्प्रिंग आणि लेझर ठेवावा. आणि परीक्षकांनी मुलाला पहिला प्रश्न विचारावा, की या मॉडेलचा पीळ उजवा आहे हे तू मला कसं दाखवशील?